चेहऱ्याचं अंडं

आमच्या घरात अंडं शिजायला कोंबडीपेक्षा पंचांगाची मर्जी जास्त लागते. सोमवार महादेवाचा. मंगळवार देवीचा, तो बायकोसोबत तिच्या माहेरून आला. गुरुवार गजानन महाराजांचा. शेगाव आमच्या गावापासून लांब असलं तरी महाराजांचा वचक थेट चुलीपर्यंत पोचतो. शनिवार मारुतीचा. शुक्रवारी संतोषी मातेमुळे आंबट चालत नाही आणि आमच्याकडे टमाटर घातल्याशिवाय काही शिजत नाही, म्हणून तोही बाद. रविवारी पाहुणे येतात, त्यातले निम्मे माळकरी. राहता राहिला बुधवार. त्याच्यावरही एकादशी, चतुर्थी किंवा अमावस्या येऊन बसली नाही तर. श्रावण आणि नवरात्राचं तर बोलायलाच नको.

असा एक मोकळा बुधवार पौषात सापडला आणि मी घरात जाहीर केलं, ‘आज मी भाज्या घालून अंडे करतो. चेहऱ्यासाठी.’

बायको तांदूळ पाखडत होती. सूप जागच्या जागी थांबलं.

‘तुमच्या चेहऱ्याले आता काय व्हाचं राहिलं?’

प्रश्न रास्त होता. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातला कापसाचा शेतकरी, वय पन्नाशीच्या पुढे. उन्हाळ्यात ४५ अंशांत वखर, पावसाळ्यात डवरणी आणि फवारणी, हिवाळ्यात वेचणी. थंडी पडली की गाल वाळल्या तुरीच्या शेंगेसारखे तडकतात. कापूस वेचताना बोंडाची टोकं बोटांना ओरबाडतात ते वेगळंच. पण हे सगळं मी जन्मभर निमूट अंगावर बाळगलं होतं. भानगड केली ती पोरीनं. ती नागपूरला नर्सिंग शिकते, आणि नर्सिंगच्या पोरींना सरावासाठी पहिला रोगी घरातच लागतो.

तिनं फोनवर जे सांगितलं ते मी इमानदारीनं लिहून घेतलं होतं, खताच्या पावतीच्या मागे. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं. कातडी घट्ट धरून ठेवणारं कोलॅजन हेही प्रथिनच, पण ते तयार करायला शरीराला क जीवनसत्त्व लागतं, आणि ते अंड्यात नसतं. म्हणून सोबत टमाटर, हिरवी मिरची, सांबार म्हणजे आमची कोथिंबीर. गाजरात बीटा कॅरोटीन, त्याचं पोटात गेल्यावर अ जीवनसत्त्व होतं. पण ते स्निग्धाशिवाय अंगी लागत नाही, तेव्हा थोडं तेल हवं आणि अंड्याचा पिवळा बलक फेकायचा नाही. पालक आहेच. क जीवनसत्त्व आचेवर कमी होतं म्हणून लिंबू शेवटी, खाली उतरवल्यावर पिळायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे तिनं दोनदा सांगितलं: ‘बाबा, थोडं तेल म्हंजे थोडं. तर्री नाही.’

आता वऱ्हाडी माणसाला तर्रीशिवाय शिजवायला सांगणं म्हणजे काय, हे नागपूरसारख्या तर्री-पोह्याच्या शहरात राहणाऱ्या पोरीला कळायला हवं होतं. पण शिक्षणानं माणूस निष्ठुर होतो.

भाज्यांची अडचण आली नाही. हिवाळ्यात पालक, गाजर, कांद्याची पात बाजारात ढिगानं असते. ढोबळी मिरची मात्र मिळाली नाही. आमच्या बाजारात ती येते तेव्हा तिचं तोंड माझ्यापेक्षा सुकलेलं असतं.

अंड्यांसाठी शेजारच्या काकूकडे गेलो. काकूच्या कोंबड्या गावरान, आणि चौकश्याही.

‘कोनाले पाह्यजे? कोनी बिमार हाय का?’

‘नाही जी, मलेच.’

‘तुले? काय झालं तुले?’

‘काही नाही. चेहऱ्यासाठी. कातडी चांगली राह्यते म्हणतात.’

काकूनं मला उजेडात उभं करून पाहिलं. मग डालं उचलून चार अंडी काढून दिली आणि एवढंच म्हणाली, ‘चारनं भागन का?’

तेवढ्यात बातमी गावभर. आणि गावात बातमी जाते तेव्हा ती निरोगी कातडीची राहत नाही, ती गोरेपणाची होते. पाणपट्टीवर मला दोघांनी विचारलं, भाऊ, किती दिवसांत गोरे होता? त्यांना समजावून सांगण्यात अर्धी दुपार गेली. कातडीचा रंग मेलॅनिन नावाच्या रंगद्रव्यावर ठरतो, तो अंड्यानं जात नाही आणि जायचं काही कारणही नाही. या उन्हात वखर हाकायला हाच रंग उपयोगाचा. मला भेगा मिटलेल्या हव्यात, पाटलाच्या पोराच्या लग्नातला फोटो नको. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, म्हणजे महिनाभर तरी लागन?

आता खरी परीक्षा. आमच्या सयपाकघरात अंडं जात नाही. माय माळकरी. तिच्या नियमाप्रमाणे अंड्याची चूल वेगळी, गंज म्हणजे पातेलं वेगळं, चमचा वेगळा, आणि शिजवणाऱ्याला न्हाणीत हात-पाय धुतल्याशिवाय उंबऱ्याच्या आत प्रवेश नाही. हा वेगळा गंज जर्मनचा, तीन बाजूंनी चेपलेला, घरामागच्या सांदवाडीत खुंटीवर टांगलेला असतो. कशावर ठेवला तरी तो एका बाजूला कलतो आणि सगळं तेल त्या बाजूला जाऊन बसतं. थोडं तेल त्यात बेपत्ता होतं.

चूल पेटवली. जळण पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचं. वाळकी पऱ्हाटी भपकन पेटते आणि भपकन विझते, मधे आच नावाची गोष्ट नाही. शिवाय ही थोडी दमट होती. धूर असा निघाला की चेहऱ्याची जी काही कातडी शिल्लक होती तीही डोळ्यांतून वाहायला लागली. माय ओसरीवरून, नाकाला पदर लावून, सूचना देत होती. ती अंड्याला शिवत नाही, पण शिवू न देता शिकवता येतं असा तिचा विश्वास आहे.

‘तुराट्या टाक त्यात. अन् गाजर येवढं मोठं कापतात का? बैलाले देऊन राहिला का?’

मी गाजर पुन्हा बारीक केलं. कांद्याची पात टाकली, गाजर टाकलं, हळद, मीठ. पालक चिरून वर ढकलला. गंजभर पालक डोळ्यांदेखत मूठभर होतो, ही पालकाची फसवणूक दर वेळी तितकीच लागते.

तोवर सांदवाडीच्या कुडावरून डोकी दिसायला लागली होती. काकू आपल्या अंड्यांचं काय होतंय ते पाहायला आलेली. तिच्यामागे तिची सून. पाणपट्टीवरचे दोघं. आणि निवृत्त गुरुजी, जे गावात कुठंही धूर निघाला की येतात.

गुरुजी म्हणाले, ‘शिजवता कायले? कच्चं दुधात फेटून घ्या. पैलवान तेच करत. शिजवलं की ताकद जाते.’

मी फोन लावला आणि पोरीला स्पीकरवर घेतलं. ती वसतिगृहातून कडाडली: कच्च्या पांढऱ्यात अ‍ॅव्हिडिन असतं, ते बायोटिन नावाचं जीवनसत्त्व धरून ठेवतं, शरीराला मिळू देत नाही. शिजवलं की अ‍ॅव्हिडिन निकामी होतं. शिवाय कच्च्या अंड्यातून साल्मोनेला जंतूची लागण होऊ शकते. ‘गुरुजी, तुम्ही बी कच्चं घेऊ नका.’

गुरुजींनी या पोरीला सातवीपर्यंत शिकवलेलं. ते गप्प बसले, पण जायला मात्र निघाले नाहीत.

‘मंग तोंडाले लावाले तरी ठेव,’ काकूची सून म्हणाली. ‘पांढरं पांढरं. मी मोबाईलवर पाह्यलं.’

‘तोंडाले लावून आत जात नाही, वैनी. खाऊन जाते,’ फोनमधून उत्तर आलं. नागपूरहून माझ्या सांदवाडीत असा दवाखाना चालू असताना मी गुपचूप अंडी फोडली. गावरान अंड्यांचा बलक पाहून पाणपट्टीवाल्यांनी वाहवा केली. तो गर्द रंग कोंबडी काय टिपते त्यावर येतो, आणि कवचाचा तपकिरी रंग जातीवर. ताकद काही त्यामुळे वाढत नाही. हेही पोरीनंच सांगितलेलं, पण काकू समोर उभी असल्यामुळे मी ते माझ्यापाशीच ठेवलं.

मग टमाटर पडले. टमाटरांना पाणी सुटलं, पऱ्हाटी विझली, गंज कलला. वास मात्र असा सुटला की कुडाबाहेरची मंडळी एकेक करून आत आली. आमच्याकडे आत आलेल्या माणसाला जेवता का विचारावं लागतं, आणि विचारलं की तो बसतो.

बायकोनं एकदा गंजात पाहिलं, एकदा माणसांकडे पाहिलं. चार अंडी. खाणारे सात. ती आत गेली आणि बेसनाचा डबा घेऊन आली.

‘अगं, हे चेहऱ्याचं आहे,’ मी म्हणालो.

‘सरका,’ ती म्हणाली.

पुढचं तिनं केलं. तेलाची बरणी वाकडी झाली, आणि त्या बरणीला थोडं ठाऊक नाही. लाल तिखट दोन चमचे, लसूण ठेचून, वर बेसन, पाण्याचा हबका, झाकण. टमाटर, गाजर, पालक, प्रथिनं, बीटा कॅरोटीन सगळे एका झुणक्यात सामील झाले. फोन बंद करायचा राहून गेला होता. त्यातून एक बारीक आवाज येत होता, ‘बाबा, लिंबू? बाबा, तेल किती टाकलं?’ मी फोन हळूच तुराट्यांवर पालथा ठेवला.

सांगायला हरकत नाही, पदार्थ फर्मास झाला. ज्वारीच्या भाकरी कमी पडल्या. लिंबू मी पिळलं, प्रत्येकाच्या ताटात, पोरीशी तेवढी इमानदारी राखली. गुरुजींनी दुसऱ्यांदा मागून घेतलं. मायनं ओसरीवरूनच विचारलं, ‘वास तर झुनक्याचा येऊन राहिला?’ तिच्यासाठी अंडं नसलेला झुणका आत वेगळा टाकावा लागला. माझ्या वाट्याला गंजाच्या कललेल्या बाजूची खरवड आली. तिच्यात अंडं किती होतं ते सांगता येणार नाही, पण तेल भरपूर होतं. डोळे लाल, भुवयांवर राख, कपाळावर काजळी, अशा थाटात मी न्हाणीकडे गेलो.

पुढच्या बुधवारच्या आत गावातली तिघं जणं काकूकडे जाऊन अंडी मागून गेली. त्यांतल्या एकाला लग्नाला मुलगी पाहायची आहे. काकूनं मग दोन भाव केले. पोटाचं अंडं दहा रुपये, चेहऱ्याचं बारा. डालं एक, कोंबड्या त्याच. मी विचारलं, काकू, यात फरक काय?

‘फरक कायचा,’ काकू म्हणाली, ‘पन दहाचं नेऊन कोनी तोंडासाठी खाल्लं, तं मंग गुन नाही आला म्हनून माया घरी भांडाले यू नये.’

मी बारा रुपयेवालं घेतलं.