रोड सायकल विकायला काढण्याआधी: एका फिरत्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

आमच्या रविवारच्या सायकल ग्रुपमधल्या काकांनी गेल्या आठवड्यात सायकल विकायला काढली. वय चोपन्न, रोड सायकल (पातळ टायरची, खाली वळलेल्या हँडलची) घेऊन जेमतेम सात महिने झालेले. कारण विचारलं तर त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. तोच मेसेज मला त्याआधी तीन ठिकाणांहून आला होता, म्हणून त्याचं उत्तर नीट लिहून काढते आहे.

मेसेज थोडक्यात असा: ‘रोड सायकल युरोपातल्या गुळगुळीत रस्त्यांसाठी बनते. पातळ टायर आपल्याकडे टिकत नाहीत, रोज पंक्चर. घेतलीच असेल तर १२० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा ठेवा. वाकून बसल्याने मणक्यात गॅप येते. चाळिशीनंतर गुडघ्यांच्या वाट्या झिजतात. घाट चढायला एमटीबीच (जाड टायरची माउंटन बाइक) हवी. लाखाच्या आत बरी रोड सायकल येत नाही. अरुंद सीटमुळे पुरुषांना नपुंसकत्व येतं.’

यातला त्रास अगदीच काल्पनिक नाही. पंक्चर होतात, मान आखडते, गुडघा दुखतो, घाटात दम निघतो. काकांना यातलं बरंच काही झालं होतं, म्हणूनच त्यांचा मेसेजवर लगेच विश्वास बसला. पण या प्रत्येक दुखण्यामागे हवेचा दाब, सीटची उंची, हँडलचं अंतर, गिअरचे दात असं काहीतरी चुकलेलं माप असतं, आणि ते बदलता येतं. त्यासाठी सायकल विकावी लागत नाही.

पहिला मुद्दा टायरचा. पंक्चर कशाने झालं हे टायर उलटून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि बहुतेक जण ते पाहतच नाहीत. पुणे-सातारा महामार्गाच्या कडेला ट्रकच्या फाटलेल्या टायरच्या चिंध्या पडलेल्या असतात. त्या टायरमध्ये पोलादी तारा असतात आणि त्यांचे केसाएवढे बारीक तुकडे रस्त्याच्या कडेला साचतात, म्हणजे आपण जिथून सायकल चालवतो नेमके तिथे. माझी महामार्गावरची बहुतेक पंक्चरं या तारेची आहेत. आतल्या रस्त्यांवर वेड्या बाभळीचा काटा. दोन्ही गोष्टी एमटीबीच्या जाड टायरमध्येही घुसतात. ट्यूब बदलून पाच किलोमीटरवर पुन्हा हवा गेली, तर टायरला नावं ठेवण्याआधी आतून सुती फडकं फिरवून पाहा. तार असेल तर फडकं अडकतं. (टायर बसवताना त्याचं छापील नाव व्हॉल्व्हच्या बरोबर वर आणायची सवय लावून घ्या. ट्यूबमधलं भोक सापडलं की टायरवर कुठे शोधायचं ते लगेच कळतं.)

दुसरं पंक्चर खड्ड्याचं. ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं दिसली, साप चावल्यासारखी, तर समजा की हवा कमी होती आणि ट्यूब रिम व खड्ड्याची कड यांच्यामध्ये चेमटली. हे रोड सायकलीला जास्त होतं, कारण पातळ टायरमध्ये हवा मुळातच थोडी मावते आणि ती आठवड्याभरात उतरते. यावर उपाय म्हणजे घरी दाब दाखवणारा काटा असलेला उभा पंप ठेवणं आणि निघण्याआधी दाब पाहणं. पेट्रोल पंपावरची नळी आपल्या बारीक व्हॉल्व्हला थेट बसत नाही. छोटा पितळी अडॅप्टर मिळतो, तो सीटखालच्या पिशवीत टाकून ठेवा.

आता ते १२० पीएसआय. मेसेजमधली सर्वांत घातक ओळ हीच. टायरच्या कडेला छापलेला आकडा ही वरची मर्यादा असते. तेवढी हवा भरावी असा त्याचा अर्थ नाही. दगडासारख्या टणक टायरने गुळगुळीत ट्रॅकवर काही साधेलही, पण खडबडीत डांबरावर चाक उसळत राहतं. पायांची ताकद पुढे जाण्याऐवजी अंग हादरवण्यात जाते आणि ओल्या वळणावर पकड कमी होते. व्यावसायिक शर्यतींत पूर्वी २३ मिलिमीटर रुंदीचे टायर असत. तिथेही आता २८ आणि त्याहून रुंद टायर सर्रास दिसतात, तेही कमी दाबाने. माझं वजन ५८ किलो. २८ च्या टायरमध्ये मी पुढे ६० आणि मागे ६५ ठेवते. ऐंशी किलोच्या माणसाला याहून जास्त लागेल, पण २८ च्या टायरला १२० त्यालाही नको. काकांच्या सायकलीला २५ चे टायर होते आणि मेसेज वाचून त्यांनी १२० भरले. त्या रविवारी खेड शिवापूरपर्यंत त्यांचे हात मुंग्या येऊन बधिर झाले. दोष सायकलीला लागला.

रस्त्यांबद्दल एवढंच सांगते. फ्रान्समधली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही १२०० किलोमीटरची राईड ९० तासांत पुरी करायची असते. तिला पात्र ठरायला त्याच वर्षी २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायच्या लांब राइड, पुऱ्या कराव्या लागतात, आणि आपल्याकडचे लोक त्या इथल्याच रस्त्यांवर करतात. २०१७ साली अमेरिका आडवी ओलांडणारी ‘रॅम’, सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत, एकट्याने बारा दिवसांच्या आत पुरी करणारे पहिले दोन भारतीय म्हणजे श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे अमित समर्थ. दोघांचाही सराव याच देशातल्या रस्त्यांवरचा. रस्ते चांगले आहेत असं मी म्हणत नाही. खड्डे बुजले पाहिजेत यासाठी भांडायलाच हवं. पण या रस्त्यांवर रोड सायकल चालत नाही हे खोटं आहे.

मणक्याचं मी स्वतः भोगलंय. माझी पहिली रोड सायकल दुकानदाराने शिल्लक होती म्हणून एक साइज मोठी दिली. ‘सवय होईल’ म्हणाला. आठ महिने सवय झाली नाही. मान आखडायची, करंगळी आणि शेजारचं बोट सुन्न पडायचं. मग एका जाणकार मेकॅनिकने मला सायकलवर बसवून कडेने पाहिलं. माझे हात कोपरात ताठ होते आणि हँडल गाठायला मी पाठीचा कमरेपासून खांद्यापर्यंत धनुष्य करत होते. त्याने ११० मिलिमीटरचा स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा आडवा तुकडा) काढून ८० चा लावला आणि स्टेमच्या वरचे दोन स्पेसर, म्हणजे उंची वाढवणाऱ्या कड्या, खाली सरकवले. हँडल जवळ आलं, थोडं वर आलं. पुढच्या महिन्यात मी पहिल्यांदा शंभर किलोमीटर केले आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले.

वाकायचं असतं ते खुब्यातून, पाठीतून नव्हे. कोपरं सैल, खांदे कानांपासून दूर, हात बहुतेक वेळ ब्रेकच्या मुठींवर. हँडलच्या खाली वळलेल्या दांड्या सतत धरायला नसतात. उतारावर किंवा समोरून वारा असताना त्या कामाला येतात. शिवाय शर्यतीची फ्रेम वेगळी आणि लांब राइडसाठी केलेली एन्ड्युरन्स फ्रेम वेगळी. दुसरीत हँडल उंच आणि जवळ असतं. ज्यांना मणक्याचा आजार आधीपासून आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच बसावं. पण धडधाकट माणसाच्या मणक्यात नुसतं वाकून बसल्यामुळे गॅप येते असं सांगून त्याला घाबरवू नये.

गुडघ्यांचा मुद्दा तर उलटा आहे. सायकलवर शरीराचं वजन सीट, हात आणि पेडल यांत वाटलं जातं, धावण्यातला दणका इथे नाही. म्हणूनच गुडघ्याच्या उपचारात फिजिओथेरपिस्ट अनेकदा जागच्या जागी चालणारी सायकल देतात. दुखण्याची नेहमीची कारणं दोन. एक म्हणजे सीट फार खाली. आपल्याकडे बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत असा लहानपणापासूनचा समज आहे, आणि त्यानेच वाटीवर ताण येतो. सोपी तपासणी: सीटवर बसा, टाच पेडलवर ठेवा, पेडल अगदी खाली न्या. पाय तेव्हा सरळ व्हायला हवा; मग पंजाने पेडल मारताना गुडघ्यात हलका बाक राहतो. दुखणं गुडघ्याच्या पुढे असेल तर बहुधा सीट खाली आहे, मागे असेल तर बहुधा वर. दुसरं कारण जड गिअर. मिनिटाला पन्नास फेरे मारत जोर लावण्यापेक्षा हलका गिअर घेऊन ऐंशीच्या आसपास फिरवा.

घाटाबाबत मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे. एमटीबीला सर्वांत हलका गिअर खरंच खूप हलका असतो. पण तिचं वजन, खडबडीत टायर आणि प्रत्येक पेडलला खालीवर होणारा पुढचा सस्पेन्शन हे सगळं चढावर ओढत न्यावं लागतं. रोड सायकल घेताना क्रँकवरच्या (पेडलपाशी असलेल्या) लहान चक्राचे आणि मागच्या कॅसेटच्या (मागच्या चाकावरच्या चक्रांच्या संचाच्या) सर्वांत मोठ्या चक्राचे दात मोजा. ३४ आणि २८ असतील, तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण अडीच मीटर जाते. ३४ ला ३४ केले तर दोन मीटरच्या किंचित वर. ऐकायला फरक किरकोळ वाटतो. पुण्याजवळच्या बोपदेव घाटाच्या चढावर तोच फरक उतरून ढकलणं आणि बसून चढणं यातला असतो. मागचा डिरेलर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) किती दातांपर्यंत घेतो ते विचारून कॅसेट बदलता येते, आणि नव्या सायकलीच्या मानाने तो खर्च काहीच नाही. पसरणीचा घाट पाहा: वाई सुमारे ७०० मीटरवर, पाचगणी सुमारे १३०० वर, मधे अकरा-बारा किलोमीटर. म्हणजे चढ सरासरी पाच टक्के. बरोबर गिअर असेल तर पन्नाशीतल्या माणसाने गप्पा मारत चढावा असा हा घाट आहे. गडावरच्या कच्च्या वाटा, मुरूम, शेतरस्ते आवडत असतील तर मात्र एमटीबीच घ्या, तिथे माझा वाद नाही.

लाखाचं म्हणाल तर आठ गिअरची कॅसेट असलेली, नीट चालणारी रोड सायकल लाखाच्या बऱ्याच आत मिळते. वापरलेली त्याहून स्वस्त. उरलेल्या पैशांतून हेल्मेट, मागचा लाल दिवा, पंप आणि पॅड असलेली शॉर्ट घ्या. ती शॉर्ट आत काही न घालता वापरायची असते. हे बायकांना कुणी सांगतच नाही आणि त्या उगाच घासून जखमा करून घेतात.

शेवटचा मुद्दा पुरुषांचा, ज्यावर लोक उघड बोलत नाहीत. २०१८ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रश्नावलीच्या आधारे सायकलस्वार, धावणारे आणि पोहणारे पुरुष यांची तुलना प्रसिद्ध केली. लैंगिक क्षमतेत सायकलस्वार मागे नव्हते. सुन्नपणा मात्र काहींना येत होता. हँडल सीटपेक्षा खाली असेल तर जास्त, मधून मधून पेडलवर उभं राहिलं तर कमी. म्हणजे इथेही पुन्हा मापाचाच प्रश्न. सुन्नपणा आला तर तो सहन करत बसू नका. सीटची रुंदी आणि उतार तपासा, दर दहा मिनिटांनी उठा.

काकांची सायकल अजून त्यांच्या गॅलरीतच आहे. दोघं बघून गेले, किंमत जमली नाही. मी त्यांना येत्या रविवारपर्यंत थांबायला सांगितलंय. शनिवारी संध्याकाळी २८ चे टायर, ८० चा स्टेम आणि माझा पंप घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे. फ्रेममध्ये २८ मावतात का ते आधीच मोजून घेतलंय, मावतात. सकाळी पाचला कात्रजच्या जुन्या घाटाने निघू, कापूरहोळला वळून केतकावळ्यावरून नारायणपूर. दत्ताच्या देवळापाशी चहा झाला की पुढे सासवड करायचं की परत फिरायचं, ते काका ठरवतील.