मुनीम ललमनची चूक तुम्ही करू नका

कानपूरच्या गौरी दत्त यांचा पुतण्या घरातून पळाला. त्यांनी मुनीम ललमन शुक्लाला त्याच्या मागावर धाडलं. मुनीम गेल्यावर शेटजींना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी हस्तपत्रकं छापली: मुलगा शोधून देणाऱ्यास ५०१ रुपये. ललमन हरिद्वार, ऋषिकेश पालथं घालून मुलाला शोधून काढतो, आणि बक्षिसाचं त्याला कळतं ते नंतर. त्यानं बक्षिसाचे पैसे मागितले, शेटजींनी दिले नाहीत, प्रकरण अलाहाबाद उच्च न्यायालयात गेलं. १९१३ साली निकाल लागला: बक्षीस ठाऊक नसताना केलेलं काम म्हणजे प्रस्तावाचा स्वीकार नव्हे. स्वीकार नाही, सबब करार नाही. करार नाही, सबब पैसे नाहीत.

एलएलबीच्या पोरांना हा खटला कराराच्या कायद्यात शिकवतात. मी तो संशोधन पद्धतीत शिकवतो. नवे प्राध्यापक माझ्याकडे येतात, डोळ्यांत चमक असते, म्हणतात, सर, मला अमुक एक प्रश्न पडलाय. मी त्यांना चहा पाजतो आणि ललमनची गोष्ट सांगतो. प्रश्न पडून निघालेला माणूस ऋषिकेशपर्यंत जातो आणि हात हलवत परत येतो. आधी हस्तपत्रक वाचावं, मग मुलगा शोधायला निघावं.

आपलं हस्तपत्रक म्हणजे यूजीसीच्या, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमावलीतला तक्ता क्रमांक २. प्राध्यापकाच्या बढतीचे गुण त्यावरून मोजतात. त्याची झेरॉक्स काढून लॅमिनेट करा आणि टेबलाच्या काचेखाली ठेवा. त्यात लिहिलंय की विज्ञानाच्या पेपरला ८ गुण, भाषा आणि समाजशास्त्रांच्या पेपरला १०. म्हणजे अणू फोडण्यापेक्षा मानवी हक्कांवर बोलणं सव्वापट किफायतशीर आहे, हे मी नव्हे, तक्ता म्हणतो. राज्य पातळीवरच्या चर्चासत्रात पेपर वाचलात तर २, राष्ट्रीय असेल तर ३, देशातल्याच आंतरराष्ट्रीय चर्चासत्रात ५. आता तुम्हाला कळलं असेल की आपल्या तालुक्याच्या कॉलेजात आंतरराष्ट्रीय चर्चासत्रं का होतात आणि झूमवर काठमांडूचे एक सर दहा मिनिटं का बोलून जातात.

पण तक्त्यातलं खरं काव्य सहलेखकांच्या कलमात आहे. दोघांनी मिळून पेपर लिहिला तर प्रत्येकाला ७० टक्के गुण. पुन्हा वाचा. एक भाकरी दोघांनी मोडली आणि दोघांच्याही ताटात जवळजवळ पाऊण पाऊण भाकरी पडली. शाळेतल्या गणिताच्या गुरुजींना हे जमलं नव्हतं. तेव्हा एकट्यानं पेपर लिहिण्याचा करंटेपणा करू नका. एकट्यानं लिहिणारा माणूस एकतर खरा संशोधक असतो, नाहीतर स्टाफरूममध्ये त्याचं कुणाशी पटत नसतं. दोन्ही गोष्टी प्लेसमेंटच्या, म्हणजे बढतीच्या, वेळी नडतात.

आता विषय. विषय एकच घ्या आणि तो विहीर घ्या. मी घेतली होती.

यवतमाळ-चंद्रपूर पट्ट्यात भूजलात फ्लोराइड आहे, ते खडकातून येतं. पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावं, असं भारतीय मानक सांगतं. त्याहून जास्त पाणी लहानपणापासून पोटात गेलं की दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात, वर्षानुवर्षं गेलं की हाडं धरतात. विषय गंभीर आहे. गंभीर विषयाचा फायदा हा की कोणी हसत नाही आणि कोणी विचारतही नाही. एका विहिरीतून किती पेपर निघतात? ललमन म्हणाला असता, एक. मी चार काढले: भौतिक विज्ञान, जीवरसायन, मानवी हक्क आणि करार कायदा. एका भाकरीचे चार चतकोर, आणि प्रत्येक चतकोर वेगळ्या ताटात.

पहिला चतकोर मोजणीचा. फ्लोराइड मोजायला आयन-सिलेक्टिव्ह इलेक्ट्रोड लागतो. आमच्या लॅबमधल्या इलेक्ट्रोडची पूजा दर दसऱ्याला होते, कॅलिब्रेशन कधी झालं ते विचारू नका. लॅब अटेंडंट बबनराव पाण्याच्या रिकाम्या बाटल्या घेऊन मोटरसायकलनं गेले आणि संध्याकाळी तीन बाटल्या भरून आले. पेपराला नमुने हवे होते साठ. उरलेले सत्तावन्न मी एक्सेलमधल्या रँडबिटवीन नावाच्या, वाटेल ते आकडे देणाऱ्या विहिरीतून उपसले. गावांची नावं तालुक्याच्या यादीतून घेतली. इथं एक धोक्याची सूचना देतो. बेल लॅब्जमध्ये यान हेंड्रिक शोन नावाचा पदार्थवैज्ञानिक होता. २००१ साली तो सरासरी दर आठ दिवसांनी एक पेपर देत होता, नोबेलचीही कुजबुज सुरू झाली होती. पकडला गेला तो कशानं? आलेखातल्या थरथरीनं. वेगवेगळ्या तापमानांच्या दोन प्रयोगांतली नॉइज, म्हणजे जी दोन वेळा सारखी येणं शक्यच नाही ती, रेघेला रेघ जुळली. २००२ च्या चौकशीत त्याच्यावरचे सोळा आरोप खरे ठरले. बोध हा की आळस करू नका. प्रत्येक गावासाठी रँडबिटवीन नव्यानं चालवा. खोट्यालाही थोडी मेहनत लागतेच.

दुसरा चतकोर जीवरसायनाचा. फ्लोराइड एनोलेज या एन्झाइमला अडवतं. रक्तातली साखर तपासायला लॅबवाले करड्या टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त घेतात ना, तिच्यात सोडियम फ्लोराइड म्हणूनच असतं. नाहीतर रिपोर्ट येईपर्यंत रक्तपेशीच साखर खाऊन टाकतील. हा मजकूर आत्ता माझ्याकडून फुकट मिळाला, पेपरात तो सहा पानांचा करता येतो. गावकऱ्यांचं रक्त काढण्याच्या फंदात पडू नका. रक्ताला एथिक्स कमिटीची परवानगी लागते, परवानगीला कमिटी लागते आणि कमिटीला चहा-बिस्किटं. रिव्ह्यू पेपर काढा. प्रोटीनच्या पट्ट्यांचे फोटो तर चुकूनही टाकू नका. एलिझाबेथ बिक नावाच्या बाईंनी सहकाऱ्यांना घेऊन २०,६२१ पेपरांतली असली चित्रं नुसत्या डोळ्यांनी तपासली आणि ३.८ टक्के पेपरांत तीच पट्टी उलटीसुलटी करून पुन्हा लावल्यासारखे घोळ काढले. २०१६ साली ते छापूनही आणलं. अशी माणसं कुठल्या नक्षत्रावर जन्मतात कळत नाही.

तिसरा चतकोर दहा गुणांचा. २८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं पिण्याच्या स्वच्छ पाण्याला मानवी हक्काचा दर्जा दिला. बाजूनं १२२ मतं, विरोधात शून्य, ४१ तटस्थ. भारत बाजूनं होता. एवढं, घटनेचं कलम २१, आणि शीर्षकात ‘विथ स्पेशल रेफरन्स टू’ घातलं की झालं. वाचायचा मुहूर्त १० डिसेंबर, मानवी हक्क दिन. त्या दिवशी आमच्याकडे शाल-श्रीफळाला दीड तास गेला, बीजभाषण लांबलं, आणि जेवणाची घंटा झाली तेव्हा मला सूत्रसंचालक मॅडमनी कानात सांगितलं, सर, दोन मिनिटांत आटपा, पुऱ्या गार होतायत. मी शीर्षक वाचलं आणि आभार मानले. सर्टिफिकेट पूर्ण मिळालं. त्याच पेपरात मी १९४८ च्या मानवी हक्क जाहीरनाम्याचं कलम २७ उद्धृत केलं होतं. त्याला दोन पोटकलमं आहेत. दुसरं लेखकाच्या हितसंबंधांचं रक्षण करतं, ते मी ठळक टाइपात घेतलं. पहिलं म्हणतं की विज्ञानाच्या प्रगतीत आणि तिच्या फायद्यात वाटा मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. ते जागेअभावी गाळलं.

चौथा, करार कायदा. टँकरचा ठेका आणि १८७२ चा भारतीय करार अधिनियम. इथं मजकूर बहुतेक सगळा आधीच कुणीतरी लिहिलेला असतो, तेव्हा सॉफ्टवेअरला तोंड द्यायची तयारी ठेवा. वाङ्मयचौर्याच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, ती वाण्याच्या मापातली घट समजा. ६० च्या वर गेलात तर पीएचडीची नोंदणीच रद्द. मधलं अंतर कापायला शब्द बदलून देणारी यंत्रं आहेत. त्यांनी जगात काय काय केलंय! गीयोम काबानाक या फ्रेंच संशोधकानं आणि त्याच्या साथीदारांनी २०२१ साली असे पेपर वेचून काढले, त्यात आर्टिफिशियल इंटेलिजन्सचं ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ झालं होतं आणि ब्रेस्ट कॅन्सरचं ‘बोसम पेरिल’. माझ्या पेपरात यंत्रानं ‘कन्सिडरेशन’ पकडला. कायद्यात त्याचा अर्थ प्रतिफल, म्हणजे कराराच्या बदल्यात मिळणारं काहीतरी. यंत्रानं केलं ‘डीप थिंकिंग’. त्यामुळे कलम २५ असं झालं की खोल विचार न करता केलेला करार रद्दबातल असतो. मला तर मूळ कलमापेक्षा हे बरं वाटलं. तसंच छापलं.

छापायचं कुठे ही चिंता तुम्ही करायची नाही, छापणारेच तुम्हाला शोधत येतात. व्हॉट्सॲपवर गुलाबाच्या फुलासह संदेश येतो: आदरणीय सर/मॅडम, बहुविद्याशाखीय आंतरराष्ट्रीय मासिक, ४८ तासांत प्रकाशन, सर्टिफिकेट मोफत, सहलेखकाचे सर्टिफिकेट शंभर रुपये. अशाच एका मासिकाला घाईत मी पेपराऐवजी गॅस कनेक्शनच्या नावबदलाचा अर्ज जोडून पाठवला. चौथ्या तासाला उत्तर आलं: पेपर स्वीकारला आहे, फक्त निष्कर्ष थोडा वाढवावा.

हे आपल्याच गावात होतं असं समजून ओशाळू नका. २०१३ साली जॉन बोहॅनन या पत्रकारानं मुद्दाम ढोबळ चुका पेरलेला एक पेपर ३०४ मासिकांना पाठवला. लेखक ओकोराफू कोबांगे, संस्था एरिट्रियातल्या अस्मारा शहरातली, लेखक आणि संस्था दोन्ही काल्पनिक. शोध असा की लायकेनमधला एक रेणू कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखतो. लायकेन म्हणजे दगडफूल, गोड्या मसाल्यात घालतो ते. त्या हिशेबानं आमच्या आजीची पाच-सहा नोबेलं बुडाली. १५७ मासिकांनी पेपर स्वीकारला, ९८ जणांनी नाकारला. ज्यांनी नाकारला त्यांचं पुढे कसं भागलं असेल, वाईट वाटतं.

मधे आमच्या पुण्याच्याच विद्यापीठातल्या काही मंडळींना अवदसा आठवली. यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांच्या शिफारशींनी जी मासिकं शिरली होती, त्यांतली इतर कुठल्याही सूचीत नसलेली त्यांनी तपासली आणि २०१८ साली छापून टाकलं की ८८ टक्क्यांहून अधिक मासिकं निकृष्ट दर्जाची असू शकतात. त्याच वर्षी यूजीसीनं ४,३०५ मासिकं यादीतून काढली. स्टाफरूममध्ये त्या दिवशी सुतक होतं. एका मॅडमचे सहा पेपर एका दुपारी गेले, त्यांनी डबासुद्धा उघडला नाही. मग यूजीसीची नवी केअर यादी आली, मग केअर यादीतल्या मासिकांची हुबेहूब नकली संकेतस्थळं आली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत यूजीसीनं ती यादीच बंद करून चांगलं-वाईट ज्याचं त्यानं ठरवावं असं सांगितलं. ज्याचं त्यानं, म्हणजे आपण. चोराच्या हाती जामदारखान्याची किल्ली म्हणतात ती अशी येते, मागावी लागत नाही.

एवढं सगळं नीट केलंत तरी एक धोका उरतो, आणि तो मला कोणी आधी सांगितला नव्हता. वाचक.

गेल्या जूनमध्ये अनोळखी नंबरवरून फोन आला. बाई होत्या, अंगणवाडी सेविका. म्हणाल्या, सर, तुमचा तो पाण्याचा पेपर आमच्या पुतण्यानं मोबाइलवर काढून दिला. तक्ता दोनमध्ये आमच्या गावाचं नाव आहे, पुढे २.१ लिहिलंय. गावात चार विहिरी आहेत. हे कुठल्या विहिरीचं?

मी म्हटलं, ताई, ती सरासरी आहे.

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाल्या, सरासरीची विहीर कुठली, सर? शाळेमागची का मारुतीजवळची? पोरांना कुठलं पाणी पाजायचं नाही, तेवढं सांगा.

मी म्हटलं, पुढच्या पेपरात विहीरनिहाय येईल. त्यांनी विचारलं, तो कधी येतो. मी म्हटलं, ४८ तासांत. तोंडून निघून गेलं.

तेव्हा शेवटचं लिहून घ्या. पेपराच्या पहिल्या पानावर पत्रव्यवहारासाठी जो मोबाइल नंबर मागतात, तिथं स्वतःचा कधी देऊ नका. सहलेखकाचा द्या, तो ७० टक्के घेतोच आहे. माझा दिला गेला, आता तो काढता येत नाही, मासिकवाले दुरुस्तीचे वेगळे पैसे मागतात. त्या बाईंचा नंबर मी ‘उचलू नये’ या नावानं सेव्ह केलाय. आठवड्यातून दोनदा वाजतो, बहुतेक सकाळी, पाणी भरायच्या वेळेला.