तिसऱ्या रात्रीच्या मुंग्या

लेखात ‘मनाचा निश्चय केला की दारू एका दिवसात सुटते’ असं लिहिलंय, ते वाचून राहवलं नाही. रोज पिणाऱ्यानं अचानक थांबणं जिवावर बेतू शकतं हो!

आमचे काका मांडीचं हाड मोडून अ‍ॅडमिट झाले. दोन दिवस नुसते हात थरथरत होते. चहाची कपबशी वाजायची. तिसऱ्या रात्री चादरीवरच्या नसलेल्या मुंग्या झटकायला लागले, मला ‘कंडक्टर, स्टँड आलं का?’ विचारत होते. आत्या लिंबू उतरवायच्या तयारीत. किती पितात हे भरती करताना आम्ही लाजेपायी सांगितलंच नव्हतं. चूक आमची.

दारू मेंदूला दाबून ठेवते, मेंदू त्याविरुद्ध जोर लावायला शिकतो. दारू एकदम गेली की तो जोर मोकाट सुटतो, म्हणून फिट, ताप, भ्रम. पूर्वी हे कुपोषणामुळे होतं असंही मानायचे. 1955 मध्ये छापून आलेल्या प्रयोगात हॅरिस इस्बेल या संशोधक डॉक्टरांनी अमेरिकेत लेक्सिंग्टनला माणसांना चांगलं खाऊ घालून, आठवडेच्या आठवडे दारू पाजून मग बंद केली, तरी फिट आणि भ्रम आलेच. (ती माणसं शिक्षा भोगणारे कैदी. आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही, आणि बरंच आहे.)

काकांना डायझेपाम (मेंदू शांत करणारं औषध) आणि थायमिन (बी-1 जीवनसत्त्व) यांची इंजेक्शनं दिली, चौथ्या दिवशी त्यांनी मला नावानं हाक मारली. तेवढं ‘एका दिवसात’ लेखातून काढा, प्लीज.