दहा पेपरवाल्या फॉरवर्डचं काय खरं, काय खोटं

सेट-नेटच्या (प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा), सीएचबीच्या (तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांच्या), पीएचडीच्या झाडून सगळ्या ग्रुपवर सध्या एकच मेसेज फिरतोय, वर गुलाबाची फुलं आणि खाली "नवोदित प्राध्यापकांसाठी सोनेरी नियम". नियम असे की दरवर्षी किमान दहा पेपर (शोधनिबंध) छापा नाहीतर इंटरव्ह्यूला कुणी बोलवणार नाही, जर्नलला आयएसएसएन आणि इम्पॅक्ट फॅक्टर असला की ते अस्सल, पेपरशिवाय थेसिस जमाच होत नाही, गाईड आणि एचओडी दोघांची नावं पेपरवर घालाच, मिळेल तिथं सीएचबी धरा कारण ती वर्षं पुढं मोजली जातात, आणि मराठीत लिहू नका. सोलापूरच्या केगावपासून बार्शी-पंढरपूरपर्यंतची पोरं हे वाचून पैशाची जुळवाजुळव करायला लागलीत म्हणून लिहितेय, नाहीतर फॉरवर्डला उत्तर द्यायची हौस मला नाही.

पहिलं दहा पेपरचं बघू. यूजीसीचं (विद्यापीठ अनुदान आयोगाचं) 2018 चं रेग्युलेशन उघडा, राज्यानं ते मार्च 2019 च्या जीआरनं लागू केलंय. असिस्टंट प्रोफेसरच्या शॉर्टलिस्टिंगसाठी कॉलेजचा तक्ता 3बी आहे. त्यात शंभरपैकी पेपरला किती मार्क आहेत? सहा. एका पेपरला दोन, म्हणजे तीन पेपर झाले की खातं बंद, चौथ्या पेपरला भोपळा. विद्यापीठाच्या 3ए तक्त्यात दहा मार्क आहेत, म्हणजे पाच पेपर. त्याच कॉलेजच्या तक्त्यात पीएचडीला 25 आहेत, नेट-जेआरएफला (फेलोशिपसह नेट) 10, नुसत्या नेटला 8, सेटला 5. आता मला सांगा, वर्षाला दहा पेपर कुठं बसवणार? आणि हे मार्क इंटरव्ह्यूला कुणाला बोलवायचं तेवढं ठरवण्यापुरते आहेत, निवड इंटरव्ह्यूवर होणार असं तिथंच स्पष्ट लिहिलंय (इंटरव्ह्यू कसे होतात ते आपण सगळे जाणतो, तो विषय आज नको). विद्यापीठांच्या भरतीचे निकष राज्यानं मधल्या काळात बदललेत, त्यामुळं फॉर्म भरताना त्या जाहिरातीसोबतचा तक्ता वाचायचा, ग्रुपवरचा नाही.

म्हणजे सेट राहिलीय, थेसिसचं शेवटचं चॅप्टर राहिलंय आणि माणूस दहा पेपरच्या मागं पळतोय, हे गणित फायद्याचं कुणाला? मेसेज शेवटपर्यंत वाचा. अगदी तळाला "पेपर पब्लिकेशनसाठी संपर्क, फी 1,500 रुपये फक्त, चार दिवसात सर्टिफिकेट" असं आहे आणि पुढं मोबाईल नंबर. दहा पेपरचे पंधरा हजार झाले. सीएचबीचं बिल सहा-सहा महिने अडकणाऱ्या माणसाकडून पंधरा हजार. सोनेरी नियम कशाला म्हणतात ते तिथं कळतं.

आता जर्नल अस्सल कसं ओळखायचं, इथं मात्र जरा थांबूया कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथंच होते. आयएसएसएन हा नुसता ओळख क्रमांक आहे, नियतकालिक काढलं की कुणालाही मिळतो, भारतात तर फुकट मिळतो, आतल्या मजकुराच्या दर्जाशी त्याचा काही संबंध नाही. डीओआय, म्हणजे ऑनलाइन लेखाला मिळणारा कायमचा क्रमांक, त्याचाही दर्जाशी संबंध नाही. इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधल्या लेखांचा इतर लेखांत सरासरी किती उल्लेख होतो त्याचा आकडा) म्हणाल तर जो मोजला जातो तो क्लॅरिव्हेट कंपनीच्या यादीतला, पूर्वी हे काम थॉमसन रॉयटर्सकडं होतं आणि यूजीसीच्या तक्त्यात अजून तेच नाव आहे. प्रमोशनसाठी संशोधनाचे जे पॉइंट मोजतात त्या रिसर्च स्कोअरला त्या यादीतला आकडा असेल तर जादा पॉइंट मिळतात. बाकी "ग्लोबल", "सायंटिफिक", "युनिव्हर्सल" असली बिरुदं लावून 7.8 छापतात ना, ते आकडे कुठंही मोजत नाहीत.

आणि "यूजीसी केअर लिस्टेड" असा शिक्का मारलेला असेल तर आधी तारीख विचारा. केअर ही यूजीसीची मान्य जर्नल्सची यादी, ती 2019 साली आली, त्याच्या आधीच्या यादीतून यूजीसीनं मे 2018 मध्ये चार हजारांवर जर्नल्स काढून टाकली होती, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये केअरची यादीच बंद केल्याचं यूजीसीनं जाहीर केलं. आता यादी नाही, जर्नल निवडताना काय बघायचं त्याचे निकष दिलेत आणि जबाबदारी संस्थेची आणि आपली. तरी आजही नव्या अंकाच्या मुखपृष्ठावर केअरचा शिक्का मारून लोक बिनधास्त पैसे घेतायत.

परवा एका पोरीनं तिचं सर्टिफिकेट दाखवलं. सोनेरी बॉर्डर, कोपऱ्यात पृथ्वीगोल, तीन सह्या, तिन्ही एकाच हातच्या दिसत होत्या. पेपर रात्री पाठवला, सकाळी स्वीकारला, रिव्ह्यूअरचा (पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञाचा) शेरा काय तर "गुड वर्क". अंक उघडला तर हिच्या विडी कामगार बायकांच्या पेपरच्या अलीकडं सोलर सेल आणि पलीकडं संत जनाबाई, असं बारा गावचं पाणी. वाईट याचं वाटलं की पेपर चांगला होता बघा. कुंभारीच्या घरकुलात जाऊन बायकांशी बोलून केलेलं काम, हजार विड्यांची मजुरी, त्यातून खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या कुणाच्या खात्यात जातात, सगळं नीट मांडलेलं. आता तोच पेपर ती चांगल्या जर्नलला पाठवू शकत नाही, एकदा छापलेलं कुणी परत छापत नाही. पैसे गेले त्यापेक्षा मोठं नुकसान हे आहे आणि फॉरवर्डमध्ये याबद्दल चकार शब्द नाही.

मग बघायचं काय? मागचे दोन-तीन अंक उघडून आपल्या विषयाचे पेपर खरंच वाचा. संपादक मंडळातल्या दोन नावांचा त्यांच्या संस्थेच्या वेबसाईटवर शोध घ्या, माणूस आहे का आणि तिथं आहे का. स्कोपसमध्ये (निवडक जर्नल्सचा आंतरराष्ट्रीय डेटाबेस) आहे म्हणत असतील तर स्कोपसची सोर्स लिस्ट फुकट बघता येते, तिथं नाव आणि आयएसएसएन दोन्ही जुळवा आणि जर्नलची वेबसाईट तीच आहे का तेही बघा, कारण चांगल्या जर्नलच्या नावानं डुप्लिकेट साईट काढणारे महाभाग पण आहेत. आणि पैसे भरल्याशिवाय छापतच नाहीत हा समज डोक्यातून काढा. करंट सायन्स, इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली, बंगळूरच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसची जर्नल्स, छापण्यासाठी यातलं कुणी तुमच्याकडून फी घेत नाही. नकार मिळेल, महिने जातील, हे खरंय. पण नकारासोबत रिव्ह्यूअरची दोन पानं आली तर ती वाचा, कधीकधी आपल्या गाईडनं पाच वर्षात सांगितलं नसतं तेवढं त्यात असतं.

पेपरशिवाय थेसिस जमा होत नाही, हे अर्धं शिळं आहे. 2016 च्या नियमात एक पेपर आणि दोन परिषदांमधली सादरीकरणं सक्तीची होती. नोव्हेंबर 2022 च्या नव्या नियमात यूजीसीनं ती सक्ती काढली. त्याआधीचं रजिस्ट्रेशन असेल तर जुना नियम लागू, शिवाय विद्यापीठाची स्वतःची अट असू शकते. पीएचडी विभागात जाऊन आपल्या बॅचचं परिपत्रक मागायचं, मिनिटाचं काम आहे. (साहेब जागेवर असतील तर.)

नावं घालायचं प्रकरण जरा नाजूक आहे, सरांना नाही म्हणायचं कसं? पण आधी आकडे बघा. रिसर्च स्कोअरमध्ये दोन लेखक असले तर दोघांना प्रत्येकी 70 टक्के पॉइंट. तिसरं नाव आलं की पहिल्या किंवा करस्पाँडिंग (जर्नलशी पत्रव्यवहार करणाऱ्या) लेखकाला 70 आणि बाकी सगळ्यांना 30. म्हणजे तुम्ही आणि गाईड दोघंच होता तोवर दोघंही 70 वर, एचओडी साहेबांना मानानं आणून बसवलं की तुमच्यापैकी कुणीतरी एक 30 वर उतरला, आणि तो कोण असणार हे काय सांगायला पाहिजे का. गाईडनं प्रश्न घडवला, डेटा तपासला, मसुदा सुधारला तर त्यांचं नाव हक्काचं आहे, तिथं कंजूषी करायची नाही. ज्यांनी पेपर वाचलापण नाही त्यांच्यासाठी शेवटी आभाराची ओळ असते. हे बोलणं पेपर लिहून झाल्यावर नाही, सुरू करताना करायचं, "सर, यात कोण काय करणार आणि नावं कशी लावायची ते आधी ठरवूया का" एवढंच. सुरुवातीला विचारलं तर बहुतेक सर चिडत नाहीत, शेवटी विचारलं की चिडतात.

सीएचबीच्या वर्षांबद्दल लिहिताना मला पण त्रास होतोय. शिकवल्याचा अनुभव शॉर्टलिस्टिंगच्या तक्त्यात वर्षाला दोन मार्कानं, जास्तीत जास्त दहापर्यंत आहे, पण त्यात सीएचबी किती धरतात ते प्रत्येक जाहिरातीत विचारून घ्या. पुढं प्रमोशनला जुनी सेवा धरायची तर 2018 च्या नियमात अटी आहेत, रीतसर निवड समितीनं नेमलेलं पाहिजे आणि महिन्याचा एकूण पगार कायम असिस्टंट प्रोफेसरपेक्षा कमी नसावा. तासावर पैसे मिळणाऱ्या आणि मे महिन्यात घरी बसणाऱ्या माणसाला ही अट कशी लागू होणार? नियम अन्यायाचा आहे असं माझं मत आहे, पण आहे तो असा आहे. म्हणून "वर्षं मोजली जातात" या भरवशावर मोहोळला सकाळी आणि अक्कलकोटला दुपारी असं दोन कॉलेजांत एसटीनं पळत राहू नका. सीएचबी घर चालवायला करा, शिकवायचा हात बसायला करा. आणि कराल तेव्हा नेमणुकीचं पत्र, विद्यापीठाची मान्यता, तासांचा हिशेब या सगळ्याची झेरॉक्स वर्षाच्या वर्षाला काढून ठेवा, प्राचार्य बदलले की जुने कागद कुणी शोधून देत नाही.

राहिलं मराठीत लिहू नका हे. तक्त्यात पीअर रिव्ह्यूड (तज्ज्ञांनी तपासलेलं) किंवा यूजीसीच्या तेव्हाच्या यादीतलं एवढंच म्हटलंय, भाषेची अट कुठंही नाही. रसायनशास्त्रवाल्यांनी इंग्रजीतच लिहावं, ते वाचणारे जगभर आहेत. पण विषय जर 1930 चा सोलापूरचा मार्शल लॉ असेल, यंत्रमागावरचे पद्मशाली विणकर असतील, गड्ड्याच्या यात्रेचं अर्थकारण असेल, तर यावर नेमकी शंका काढू शकणारा वाचक मराठीतच जास्त सापडेल. फक्त मराठी नियतकालिकाला पाठवण्याआधी संपादकांना फोन करून विचारा की लेख बाहेरच्या तज्ज्ञाला वाचायला देता का आणि त्याचा अभिप्राय लेखकाला लेखी कळवता का. हो म्हणाले तर ती मेल जपून ठेवा, स्क्रूटिनीच्या (कागदपत्र तपासणीच्या) टेबलावर दाखवायला लागते.