झाडांचा पैसा नेमका कुठे आटतो? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

राष्ट्रीय वृक्षलागवडीला सलग दहा वर्षांचा निधी बांधून द्यावा, या लेखावरची तुमची प्रतिक्रिया थोडक्यात अशी: ‘कॅम्पाचे हजारो कोटी आहेतच, महाराष्ट्राच्या ३३ कोटी झाडांच्या मोहिमेचं काय झालं तेही दिसतंय, दरवर्षी त्याच खड्ड्यात नवं रोप लागतं. आणखी पैसा म्हणजे भ्रष्टाचाराला खतपाणी. जमीन नुसती राखा, जंगल आपोआप येईल. आणि झाडं लावून कोळशाचा धूर फिटत नाही.’

तक्रार बरीचशी रास्त आहे, तरी त्यावरून पैसाच थांबवा म्हणणं मला पटत नाही. माझा मुद्दा रक्कम वाढवण्याचा नव्हताच, ती कधी आणि कशावर मिळते याचा होता.

आधी कॅम्पा. खाण, रस्ता किंवा धरणासाठी वनजमीन घेणाऱ्याकडून भरपाई वनीकरणाचा खर्च आणि त्या जंगलाचं निव्वळ वर्तमान मूल्य (पुढे मिळणाऱ्या फायद्यांची आजच्या पैशातली किंमत) वसूल होतं, त्याचा हा निधी. २०१६ चा कायदा झाला आणि २९ ऑगस्ट २०१९ ला केंद्राने २७ राज्यांकडे ४७,४३६ कोटी रुपये वळते केले, त्यात महाराष्ट्राचे सुमारे ३,८४४ कोटी. हा पैसा ३१ मार्चला बुडत नाही, त्यावर व्याजही मिळतं. पण खर्च करायचा तर वार्षिक आराखडा राज्याच्या समितीकडून दिल्लीला जातो, मंजूर होतो, मग अर्थसंकल्पातून खाली उतरतो. यात झाडाचं वेळापत्रक कोणी विचारत नाही.

ते वेळापत्रक असं. बी गोळा करून रोपवाटिकेत टाकायचं ते लागवडीच्या वर्षभर आधी. कोरडवाहू भागात दीड वर्षाचं, जाड बुंध्याचं रोप लागतं, म्हणजे आणखी आधी. खड्डे फेब्रुवारी ते एप्रिल खोदायचे, म्हणजे माती उन्हात तापते आणि वळवाचं पाणी मुरतं. लागवड जमीन वीतभर भिजल्यावर. ऑगस्ट आणि ऑक्टोबरात निंदणी, आळी बांधणं, मातीची भर. जिथे पाणी देणं ठरलंय तिथे फेब्रुवारी ते मे पाणी. पुढच्या पावसाळ्यात नांगे भरायचे, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावायची. आता यावर आर्थिक वर्ष ठेवून बघा. ते ऐन खड्ड्यांच्या हंगामात संपतं. जानेवारीत उतरलेला पैसा मार्चअखेर ‘खर्ची’ दाखवायचा असतो, मग खड्डा ४५ सेंमीऐवजी ३० वर थांबतो. नवा पैसा येईपर्यंत जुलै उलटतो आणि लागवड सप्टेंबरात होते. त्या रोपाच्या वाट्याला जेमतेम महिन्याभराचा पाऊस येतो.

खड्ड्यावर इतका भर का, तेही आकड्यात सांगतो. ३ बाय ३ मीटर अंतराने हेक्टरी १,१११ रोपं बसतात. ४५ सेंमीच्या घन खड्ड्यांची माती होते १०१ घनमीटर, ३० सेंमीच्या खड्ड्यांची फक्त ३०. बिल ४५ चं आणि काम ३० चं असेल, तर गळती तिथेच झाली. मुरमाड जमिनीत ३० सेंमीच्या खड्ड्यातलं मूळ पहिल्या उन्हाळ्यात अडतं आणि रोप मानेपासून वाळतं. दुसरी चोरी पिशवीत. पिशवी फाडून मातीचा गोळा हातात घ्या. मुळं तळाशी वेटोळं घालून बसलेली असतील, तर खालचं बोटभर वेटोळं कोयत्याने कापून मगच रोप लावायचं. नाहीतर ते दोन वर्षं हिरवं दिसतं आणि तिसऱ्या वर्षी वाऱ्याने कलतं. पिशवीसकट पुरलेली रोपं तर रस्त्याकडेच्या कुठल्याही रोपवनात सापडतील.

पाण्याचाही हिशेब करा. रोपाला १० लिटर म्हटलं तर हेक्टरी ११,११० लिटर. पंधरा दिवसांनी एकदा, फेब्रुवारी ते मे आठ पाळ्या, म्हणजे जवळपास ८९ हजार लिटर. हे पहिल्या वर्षाच्या तरतुदीत नसेल तर ते रोपवन मे महिन्यातच संपलं समजा.

३३ कोटींबद्दल तुमचा राग मला मान्य आहे. २०१६ ला २ कोटी, मग ४, मग १३ आणि २०१९ ला ३३ कोटी, असा तो चढता आलेख होता. हेक्टरी १,१११ धरली तर ३३ कोटी रोपांना सुमारे ३ लाख हेक्टर जमीन लागते. एका पावसाळ्यात तेवढ्या जमिनीवर नीट खड्डे, मजूर आणि दीड वर्षाची रोपं कुठून येणार? पुढे विधिमंडळाची चौकशी समिती नेमावी लागली. पण तिथे मोजलं काय गेलं? लावलेली रोपं. जगलेल्या झाडावर कोणाचंच बिल अडलेलं नव्हतं.

देशपातळीवरही हेच. भरपाई वनीकरणावरच्या महालेखापरीक्षकांच्या २०१३ च्या अहवालात २००६ ते २०१२ या काळात मिळायला हवी होती १,०३,३८२ हेक्टर वनेतर जमीन, मिळाली २८,०८६ हेक्टर आणि प्रत्यक्ष वनीकरण झालं ७,२८१ हेक्टरवर. नंतरच्या एका अहवालात तर उत्तराखंडात कॅम्पाच्या भलतीकडे वळवलेल्या १३.८६ कोटींतून आयफोन, लॅपटॉप, फ्रीज असल्या गोष्टी निघाल्या. यात पैसा कमी होता असं कोण म्हणेल?

म्हणून माझी सूचना अशी. दहा वर्षांच्या निधीतून प्रत्येक रोपवनाला मंजुरी एकदाच, पाच वर्षांची, रक्कम वेगळ्या खात्यात. शंभरातले चाळीस रुपये पूर्वतयारी आणि लागवडीला, तीस पहिल्या दोन वर्षांच्या राखणीला आणि उरलेले तीस तिसऱ्या व पाचव्या वर्षी जिवंत रोपांच्या मोजणीवर. मोजणी मे महिन्यातच. ऑक्टोबरात गवताबरोबर सगळंच हिरवं असतं. चिठ्ठ्या टाकून ०.१ हेक्टरचे तुकडे निवडायचे (बाजू ३१.६ मीटर), प्रत्येकात १११ रोपं हवीत. मोजणारा दुसऱ्या विभागाचा, सोबत ग्रामसभेची दोन माणसं. लागवडीच्या दिवशीचा जिओटॅग फोटो याला पर्याय नाही. त्या दिवशी रोप जिवंतच असतं. राखणीचा पैसा गावच्या समितीला जगलेल्या रोपांवर देणं हा काही नवा शोध नाही, रोजगार हमीतला ‘बिहार पॅटर्न’ त्याच तत्त्वावर आहे.

‘नुसती राखा’ हे जिथे जुने खुंट जिवंत आहेत तिथे शंभर टक्के खरं. साग, धावडा, पळसाचे खुंट जमिनीसरशी तिरपे छाटायचे, फुटव्यांतला एखाद-दुसरा जोमदार ठेवायचा, बाकीचे खुडायचे, चराईबंदी आणि जाळरेषा (वणवा अडवणारे मोकळे पट्टे) सांभाळायच्या. खड्डाच नाही, म्हणून खर्च लागवडीपेक्षा पुष्कळ कमी. पण राखणदाराला पगार लागतोच ना? आणि जिथे खुंट, मुळं, माती काहीच उरलेलं नाही, त्या खाणीच्या ढिगाऱ्यावर ‘आपोआप’ला फार वेळ लागेल. उलट सोलापूर, इंदापूरकडच्या माळरानावर एकही रोप लावू नये. ती पडीक जमीन नव्हे, लांडगा आणि चिंकाऱ्याचं घर आहे. तिथे गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावायला मिळणारा निधी मी उद्याच बंद करीन.

हवामानाचं शेवटी. हेक्टरी वर्षाला ३ टन कोरडी वाढ धरली, तर निम्मा कार्बन म्हणजे दीड टन, गुणिले ३.६७ म्हणजे साडेपाच टन कार्बन डायऑक्साइड. केंद्राच्या हरित भारत अभियानाच्या मूळ लक्ष्यातल्या १ कोटी हेक्टरवर हे सगळं साधलं तरी वर्षाला साडेपाच कोटी टन. देशाचं उत्सर्जन ३०० कोटी टनांच्या घरात आहे. कोळशाचा हिशेब झाडांवर लिहून मोकळं होता येत नाही, इतकं तुमचं म्हणणं पूर्ण बरोबर.

तुमच्या गावात यंदा लागवड होणार असेल तर वनरक्षकाकडे चार गोष्टी मागा: रोपांचं वय, खड्डे खोदल्याचा महिना, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या देखभालीची मंजुरी आणि नांगे भरायला रोपवाटिकेत राखून ठेवलेल्या रोपांचा आकडा. चौथ्याचं उत्तर ‘शून्य’ आलं, तर ग्रामसभेत तेवढा एक विषय लावून धरा.