कोणता नवरा?

आज भुसावळला लग्नात जेवताना मागच्या टेबलावरून ऐकू आलं, "बाई आमदार म्हणजे सही तिची, कारभार नवऱ्याचा. आपल्या प्रतिभाताईंचं तरी काय वेगळं होतं?" सगळे हसले. चारचौघांत कुठे बोलायचं म्हणून गप्प बसले, पण घरी येऊनही डोकं शांत होईना.

अरे, कोणता नवरा? १९६२ साली प्रतिभाताई पाटील, ज्या पुढे राष्ट्रपती झाल्या, जळगावातून आमदार झाल्या तेव्हा २७ वर्षांच्या होत्या. लग्न झालं १९६५ ला! नाडगावात जन्मलेली मुलगी, एम. जे. कॉलेजातून एम.ए., मुंबईला कायदा शिकून जळगावच्या कोर्टात वकिली. वर टेबल टेनिस गाजवलेलं.

माझी ताई मॅट्रिक झाली तेव्हा वडील म्हणाले, बस झालं आता. चुलीपुढून आजी बोलली, "येदलाबादची बाई वकील व्हते, आमदार व्हते, मंग आपली पोर काहून नाही?" आजीला सही येत नव्हती, अंगठा होता. ताई कॉलेजला गेली ती त्या एका वाक्यावर.

प्रतिभाताईंचे वडील सरकारी वकील होते, घरात शिक्षण होतं, मान्य. पण १९६७, ७२, ७८, ८०, चारही वेळा एदलाबादनं (आजचं मुक्ताईनगर) निवडून दिलं ते काय वडिलांकडे बघून? आरोग्य, समाजकल्याण अशी खाती सांभाळली. आणीबाणीनंतर भलेभले इंदिराजींना सोडून गेले, या राहिल्या, १९७९ ला विधानसभेत विरोधी पक्षनेत्या झाल्या. ते कुणालाच आठवत नाही. आठवतं फक्त २००७ चं राष्ट्रपतीपद, आणि तेही कुणीतरी ओंजळीत टाकल्यासारखं!

राष्ट्रपती असताना परदेश दौऱ्यांवर टीका झाली, ठीक आहे, ती काही सगळीच खोटी नसेल.

लिहिता लिहिता राग ओसरला, आता आजीच आठवतेय. तिनं प्रतिभाताईंना पाहिलं ते सभेत, लांबूनच. काय बोलल्या ते तिला सांगता यायचं नाही. "डोक्यावर पदर व्हता, पन आवाज खनखनीत," एवढंच सांगायची, दर वेळी तितक्याच कौतुकानं. तेवढ्यावर आमच्या घरातली एक मुलगी शिकली. अशी घरं आपल्या तालुक्यात किती असतील!

बोदवड, मुक्ताईनगरकडच्या मंडळींनो, तुमच्या आई-आजीला ६७ किंवा ७२ चा प्रचार आठवत असेल तर विचारून गावाच्या नावासकट खाली लिहा. मला ते सगळं एका वहीत उतरवून ठेवायचंय.