मालकांचं उत्तर: कोटिंग आणि त्या संध्याकाळची घाई

नमस्कार साहेब. तुमच्या भट्टीच्या आतल्या विटांवर आम्ही मारलेलं कोटिंग सुटलं आणि तुमचं काम अडलं, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. पण "आठ दिवसांत कोटिंग सुटलं, दर जास्त, माल बोगस" असं लिहून तुम्ही एक स्टार दिलात, आणि ते अख्ख्या कुपवाड एमआयडीसीनं वाचलं. म्हणून इथंच बोलतो.

काम संपलं तेव्हा तुमच्या सुपरवायझरच्या हातात कागद दिला होता. एक दिवस दार उघडं ठेवून वाळू द्या, मग बारीक आगीवर तासाला ५० अंशांनी चढवा, ११० अंशांवर रात्रभर थांबा. तुमच्याकडं त्याच संध्याकाळी बर्नर फुल सोडला. सकाळी गाडी भरायची होती, मान्य. पण हे कोटिंग पाण्यात कालवलेलं असतं आणि फायरब्रिक, म्हणजे भट्टीतली आच सोसणारी वीट, पाणी पिते. वरचा थर आधी घट्ट होतो, विटेतलं पाणी मागं अडकतं. पाण्याची वाफ झाली की ती साधारण १७०० पट जागा मागते. ती थर फोडूनच बाहेर येणार.

तुम्हीच आणलेला पापुद्रा माझ्या टेबलावर आहे. त्याच्या विटेकडच्या पाठीला सुईच्या टोकाएवढी भोकं आणि फुगे दिसतात. मालानं विटेला धरलंच नसतं, तर पाठ सपाट, धुळकट निघाली असती. शिवाय सोललीय ती बर्नरसमोरचीच भिंत. दाराजवळ आच हळू पोचली, तिथलं कोटिंग आजही नखानं खरवडत नाही. माल एकाच बादलीतला होता, साहेब.

दराचं म्हणाल तर या कोटिंगमधलं झिरकॉन, म्हणजे आच सोसणारं खनिज, महागच असतं. तुमची भट्टी फर्नेस ऑइलवर, म्हणजे जाड काळ्या इंधन तेलावर चालते. त्या तेलाच्या राखेतलं व्हॅनेडियम धातूचं ऑक्साइड ७०० अंशांच्या आतच वितळतं आणि विटेला खातं. म्हणून वीट उघडी ठेवू नका म्हटलं होतं, आणि कुठलंच कोटिंग जन्मभर पुरत नाही, हेही काम घेतानाच सांगितलं होतं. वडिलांपासून पलूस ते मिरज फौंड्र्यांच्या भट्ट्या करतोय. बोगस हा शब्द आम्हाला आजवर कुणी लावला नव्हता. घरातही सगळ्यांनी वाचला तो.

यापुढं पहिली आग आमचा माणूस उभा राहूनच लावेल, असं बघतो. तुमची ती भिंत मजुरी न घेता परत मारून देतो. फक्त भट्टी दोन-तीन दिवस आमच्या ताब्यात द्या आणि मध्ये कुणी बर्नरला हात लावू नका.